खंडेनवमीला पुसलेल्या खुणा

औरंगाबादला मी चौदा वर्षांनी गेलो. कचेरीत रजेच्या अर्जावर ‘वेरूळची लेणी पाहणे’ असं कारण लिहिलं. ते खोटं होतं. लेणी मी नोकरीच्या पहिल्याच वर्षात दोनदा पाहिली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा सगळा प्रवास एका जुन्या खोट्याच्या मागे मागे झाला.

मी पोलाद तपासणारा माणूस. अणुभट्टीचं पोलादी भांडं, म्हणजे ज्याच्या पोटात इंधन असतं आणि ज्याच्यावर सगळा दाब येतो ते, वर्षानुवर्षं किरणांचा मारा खाऊन हळूहळू ठिसूळ होत जातं. वरून काही दिसत नाही. गंज नाही, तडा नाही. फक्त थंड असताना त्याचा पूर्वीचा चिवटपणा उरत नाही, ते काचेच्या वळणावर जातं. म्हणून भट्टी चालू करताना आधी भांडं ठरलेल्या तापमानापर्यंत गरम करायचं आणि मगच दाब चढवायचा, अशी मर्यादा घातलेली असते. ही मर्यादा कुठे ठेवायची हे कळावं म्हणून त्याच पोलादाचे करंगळीएवढे तुकडे भांड्यात टांगून ठेवतात. काही वर्षांनी ते बाहेर काढायचे, झुलत्या हातोड्याने तोडायचे आणि तोडायला किती जोर लागला ते मोजायचं.

एका केंद्रातले असे तुकडे त्या वर्षी बाहेर काढले होते. केंद्राचं नाव इथं लिहीत नाही. निकाल फारच चांगले आले. इतका मारा खाऊनही पोलाद अपेक्षेपेक्षा चिवट निघालं होतं. सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या आमच्या समितीत सगळे खूश. मर्यादा थोडी सैल करावी, असा प्रस्ताव आला. एकच कागद बाकी होता. तुकडे कापताना त्यांच्या दिशेच्या खुणा बरोबर होत्या, असा दाखला हवा होता. तो मीच द्यायचा होता, कारण ते तुकडे चौदा वर्षांपूर्वी औरंगाबादच्या एका खासगी कारखान्यात, मी तिथे नोकरीला असताना, माझ्या देखरेखीखाली कापले गेले होते.

सगळे पेढे वाटायच्या बेतात होते आणि मला त्या चांगल्या निकालानेच घाम फुटला होता. सही न केलेला दाखला पिशवीत घालून मी निघालो.

चिकलठाणा

आमच्या वेळी शहरातून चिकलठाण्याला येताना दोन्ही बाजूंना ज्वारी असे. मधेच एखादी पत्र्याची शेड, तिच्यावर ओल्या रंगाचा वास, आणि पुन्हा ज्वारी. थंडीत सायकलवरून येताना हुरड्याच्या आगट्यांचा धूर नाकात जायचा. कारखान्याच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत भूक लागलेली असे. आता ज्वारी गेली. एकाला एक लागून कुंपणं, फाटकं, पहारेकरी. वाळूजकडे तर याच्या दुप्पट झालंय म्हणे. माणसाला याचं बरं वाटायला हवं. मला मात्र सव्वीस वर्षांचा मी कुठे दिसतोय का, असं उगाच शोधावंसं वाटत होतं.

आमचा कारखाना बंद पडला होता. त्या जागेत आता पुठ्ठ्याची खोकी करतात. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, पण फाटकातून ती खिडकी दिसली. पहिल्या मजल्यावरची, माझ्या टेबलाजवळची. मी तिच्याकडे फार वेळ पाहिलं नाही.

तुकडे कापायचं काम सुखदेव खरात यांच्याकडे होतं. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, हाताला शांत. पोलादाची प्लेट लाटताना तिच्यात लाकडासारखे धागे पडतात. धाग्याच्या लांबीत कापलेला तुकडा चिवट, धाग्याला आडवा कापलेला कमजोर. भांड्याची सुरक्षा ठरवताना कमजोर तुकड्यावरूनच ठरवायची असते. सुखदेव लांबीतल्या तुकड्यावर पिवळी रेघ ओढायचे, आडव्यावर पांढरी. ब्रश नव्हता. बाभळीची काडी दातणासारखी चावून मऊ करायची आणि रंगात बुडवायची. रेघ अशी सरळ यायची की पट्टी लावून बघावी.

त्यांच्या डब्यात येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी असे. तशी आमटी मी पुन्हा खाल्ली नाही. मी ती वाटीत मागून घेत असे आणि ऑफिसात, माझ्या टेबलावर नेऊन खात असे. त्यांच्या शेजारी बसून कधी खाल्ली नाही. मी गंगापूरकडच्या जमीनवाल्या घरातला. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही पडली नव्हती.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतल्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका सकाळी फोरमन मिस्त्री यायच्या आधी सुखदेव माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, बहिणीच्या गावची वस्ती जाळली म्हणायलेत. मी चाललो. मिस्त्रीला अन् मालकाला सांगा. येतो म्हणावं.”

“जा तू, मी सांगतो,” मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी दुपारी मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “हे लोक आता मोर्चे काढत हिंडणार, कामं कोण करणार?” त्यावर ‘तो मला सांगून गेलाय’ म्हणणं म्हणजे बाजू घेणं, असं मला वाटलं. एक दिवस गेला, दोन गेले. मग सांगायला उशीर झाल्याचीच लाज वाटू लागली. सुखदेव दोन महिने आले नाहीत, आणि मधे खंडेनवमी आली.

शहागंज

शेख मिस्त्री आमच्या कारखान्याचे फोरमन. आता घरीच असतात. शहागंजच्या घड्याळाजवळच्या गल्लीत घर विचारत गेलो, तर ओट्यावरूनच हाक आली.

“अरे, इंजिनेर साब! बालां तो पूरे सफेद कर लिए तुम!”

जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हते. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा तिखट रस्सा, मागवला. नान तोच, पिवळसर, वरून चकाकणारा. खलियाच्या पहिल्या घासाला माझे डोळे भरून आले. तिखटाने, असं मी त्यांना सांगितलं. गुलमंडीतली माझी खोली, रविवारी सकाळी याच गल्लीत न्याहारीला येणं, मिस्त्रींनी मला पहिल्यांदा मायक्रोमीटर धरायला शिकवणं, कॉलेजातून शिकून आलेल्या इंजिनिअरला, सगळं निघालं. मग मी खंडेनवमीचा विषय काढला.

आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा असे. आदल्या दिवशी काम बंद, आणि प्रत्येक यंत्र, पाना, कानस, करवत घासून-पुसून लख्ख करायची. हा सगळा थाट शेख मिस्त्री पुढे होऊन करवून घ्यायचे. हार आणायला स्वतः जायचे.

“मैंच बोला था सबकू,” ते म्हणाले, “रॉकेल लेके एकेक चीज चमका डालो. मशीन साल में एक दिन नहाती.”

“आणि तो ट्रे? तुकड्यांचा?”

“हौ, वो भी.”

“त्यावर रंगाच्या रेघा होत्या, मिस्त्री.”

त्यांनी घास खाली ठेवला. “साब, मैं पूछा था ना तुमकू. ये टुकड्यां भी धोने के क्या, बोल के. तुम कुछ लिख रे थे. ऊपर भी नै देखे. बोले, हां हां, धो डालो.”

चौदा वर्षं मी हे मनाशी असं सांगत आलो होतो की कारखान्याच्या लोकांनी अजाणता रेघा पुसल्या. ‘हां हां’ म्हणालेला मी त्यात नव्हतोच. आता मात्र सगळं लख्ख आठवलं. पूजेच्या संध्याकाळी पाहिलं तर सगळे तुकडे चांदीसारखे चमकत होते, एकासारखा एक. कुंकवाची बोटं लावलेली. रेघ एकावरही नाही. तुकडे आठवड्यात पाठवायचे होते. मी करवतीच्या बारीक ओरखड्यांवरून अंदाज बांधला, दोन ढीग केले आणि ‘खुणा तपासल्या’ म्हणून सही केली.

निघताना मिस्त्री दारापर्यंत आले. सुखदेव आता पिशोरला असतात, लेथ टाकलंय, हे त्यांनीच सांगितलं. मग म्हणाले, “उसका नाम काटे ना सेठ लोगां, मेरेकू आज भी बुरा लगता. बगैर बोले जानेवाला आदमी नै था वो.”

मी चपला घालत होतो. चपलांचे पट्टे लावायला मला बराच वेळ लागला.

वेरूळचा फाटा

दुसऱ्या दिवशी जीपने निघालो. दौलताबादपाशी सीताफळं संपत आली होती, तरी एका म्हातारीने पानात बांधून चार दिली. खुलताबादचा घाट चढताना थंडगार वारा. जीपमध्ये नवाच्या जागी चौदा. माझ्या शेजारी एक धनगर बाई, मांडीवर आठ दिवसांचं कोकरू. त्याने माझ्या मफलरचं टोक चघळायला घेतलं.

“खाऊ द्या, लोकरच हाय,” बाई म्हणाली. “त्याच्याच आज्याची आसंल.”

वेरूळच्या फाट्याच्या थोडं पुढे ‘कडक’ असा आवाज झाला आणि जीप एका अंगाला बसली. सगळे उतरले. ड्रायव्हर खाली घुसला आणि स्प्रिंगच्या पाट्याचा तुटलेला तुकडा घेऊन बाहेर आला.

“पाटा गेला. काल तर चांगला होता!”

“कालचं कशाला सांगायला?” कुणीतरी म्हणालं. “मोडतोवर समदंच चांगलं आसतं.”

मी तो तुकडा हातात घेतला. सवयच. अर्ध्या भागात गंज होता, म्हणजे चीर जुनी, कित्येक महिने आत सरकत होती. उरलेला अर्धा भाग ताजा, साखरेसारखा चमकणारा. तो एका क्षणात गेलेला. चीर आतून सरकत असताना जीप रोज चौदा माणसं घेऊन घाट चढत होती आणि ड्रायव्हर म्हणत होता, चांगलं आहे. मला आमच्या समितीची खोली आठवली.

पाटा बांधेपर्यंत दीड तास गेला. चहाच्या टपरीवर बाईने कोकरू माझ्याकडे सोपवलं आणि विचारलं, “कुठं चाललाव?”

“पिशोरला. सुखदेव खरातांकडे.”

“लेथवाल्याकडं व्हय? मपल्या घरधन्याचं इंजन त्यानंच नीट केलं. लई खोडीचा माणूस. वरून चांगलं दिसणारं पन उघडून बघतो.”

पिशोर

पिशोर मोठं गाव. बाजाराचा दिवस नव्हता, तरी पेठेत आद्रकाची पोती रस्त्यावर आली होती आणि सगळ्या गावाला त्याचा वास होता. लेथ गावाच्या कडेला. एक शेड, पाण्याच्या मोटारींचे शाफ्ट, रसवंतीचे रूळ. सुखदेव पाठमोरे होते. वळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, “जय भीम, साहेब.”

कारखान्यात याला मी मान हलवत असे. आज “जय भीम” म्हणालो, जरा उशिराने.

“बसा. चहा चालंल ना आमच्यातला? येसर न्यायचाव तुम्ही, पन चहा कवा घेतला नव्हता.”

“घेतो, सुखदेवराव.”

“बघ गं,” त्यांनी आत बायकोला, गयाबाईंना, हाक दिली. “साहेब अरे-तुरेवरून राववर आलेत. काम लई मोठं दिसतंय.”

आद्रक ठेचून घातलेला चहा आला. मी दाखला काढला आणि सगळं सांगितलं. तुकडे, निकाल, मर्यादा सैल करायचा प्रस्ताव, पुसलेल्या रेघा. ते लेथला टेकून ऐकत होते.

“मंग पुसल्यावर वळखलं कसं?”

“करवतीच्या ओरखड्यांवरून. अंदाजाने.”

“ओरखडे?” ते हसले. “प्लेट मोठी होती, मशीनला जागा पुरंना. मी अर्धी कापून फिरवून घेतल्ती. ओरखडे दोन्ही जातीच्या तुकड्यांवर सारकेच.”

म्हणजे माझा अंदाज हा अंदाजही नव्हता. मी विचारलं, “तुम्हाला आता काही सांगता येईल?”

“मला कसं येईन? लोखंडाला येईन. तुकडा घासा, तेजाब लावा, धागा आपोआप दिसंन. हे तर तुम्हीच मला दाखवल्तं, लॅबात बसून.” ते माझ्याकडे बघत राहिले. “तुम्हाला हे ठाऊक होतं. मंग एवढ्या लांब कामून आलाव?”

इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही नाही. ठाऊक होतंच. पण तुकडे तपासा म्हणायचं, तर का तपासायचे हेही सांगावं लागलं असतं.

“जर तुम्ही म्हणालात की खुणा बरोबर होत्या,” मी म्हणालो, “तर सही करता येईल, असं वाटलं.”

“मपल्या खुणा बरोबरच होत्या. तुम्ही धुतल्यावर त्या मपल्या कुठं ऱ्हायल्या?”

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. ते सांगून गेले होते आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं, हे. वाटलं होतं, ते चिडतील. ते बोटावरचं ग्रीस चिंधीला पुसत राहिले.

“दिवाळीच्या तोंडावर आल्तो मी,” ते म्हणाले. “फाटकावरच नाव कटल्याचं कळलं. वर बघितलं तर तुम्ही खिडकीत. मी हात केला.”

“दिसला होता.”

“मंग?”

“मी मागे सरलो.”

गयाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यांनी घरी येऊन सांगितलं, साहेब कामात आसंल, त्याला दिसलो नसंल. तवापून हेच म्हनायलेत. कुनी काय बोललं की म्हनायचे, साहेब तसला नव्हता.”

“गप बस गं,” सुखदेव म्हणाले. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज चढला.

मी पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो. क्षमा वगैरे शब्द पाठ होते. त्या बाईच्या वाक्यानंतर ते काढायची हिंमत झाली नाही. एका माणसाने मला चौदा वर्षं चांगलं म्हणून सांभाळलं होतं, आणि मी येऊन ते मोडलं होतं.

सुखदेवांनी चिंधी बाजूला टाकली. “आता खरा कागद करनार ना?”

“हो.”

“त्याच्यात मपलं नाव घाला.”

“तुमचं कशाला? चौकशी झाली तर उगाच तुम्हाला ताप.”

“होऊ द्या. विद्यापीठाला नाव द्या म्हणून आमी दोनदा जेलात जाऊन आलाव. नाव अजून दिलं नाय, पन त्याचं बघू. मपलं सोताचं नाव एका रजिस्टरात लाल रेघ खाऊन पडलंय. ‘न सांगता गेला.’ मी सांगून गेल्तो, साहेब. बहिणीला उचलून आणायला गेल्तो अन् सांगून गेल्तो.”

“कारखाना बंद झालाय. ते रजिस्टर आता कुठे मिळायचं?”

“म्हणून तर तुमच्या कागदात घाला म्हणायलो. दुसरा कागद उरलाय कुठं?”

गयाबाईंनी भाकरी वाढली. येसर नव्हतं, मेथीची भाजी होती, वर लसणाची चटणी. तिघं शेडमध्येच बसून जेवलो. सुखदेव बहिणीबद्दल बोलले. ती वाचली, तिचे हात नीट झाले नाहीत. मग आद्रकाच्या भावाबद्दल, मग एका मोटारीबद्दल. एसटीपर्यंत सोडायला ते आले नाहीत. हातातलं काम दाखवून म्हणाले, “हे आज द्यायचंय.” मी एकटाच चालत फाट्यावर गेलो. मला ते रास्त वाटलं.

परत

दाखल्याऐवजी मी समितीला टिपण दिलं. तुकड्यांची दिशा माहीत नाही, खुणा माझ्या संमतीने पुसल्या गेल्या, पुढची सही खोटी होती, तुकडे घासून तपासल्याशिवाय निकाल वापरू नयेत.

तुकडे जाड शिशाच्या भिंतीआड, यंत्राच्या लांब हातांनी घासून तपासले गेले. दोन्ही जाती मिसळलेल्या निघाल्या. कमजोर म्हणून टांगलेल्यांत निम्मे चिवट होते, आणि जे खरंच कमजोर होते ते अपेक्षेहून ठिसूळ झाले होते. मर्यादा सैल करण्याचा प्रस्ताव बारगळला, उलट ती थोडी आवळली गेली. मला समितीतून कमी केलं, ते योग्यच झालं.

त्याआधी, टिपण पुढे जाताना, आमच्या वरिष्ठांनी मला बोलावलं होतं. भला माणूस. शेवटच्या चार ओळींवर त्यांनी पेन्सिल ठेवली.

“बाकी ठीक आहे. पण याचा पोलादाशी काय संबंध? काढून टाका.”

“साहेब, तो निरोप मी पोहोचवला असता, तर ते परत कामावर आले असते. तुकडे गेल्यानंतर का होईना, ओरखड्यांवरून ओळखलेली दिशा बरोबर आहे का, हे त्यांना विचारता आलं असतं. ते विचारता येत नव्हतं, हेच मला सोयीचं होतं. संबंध एवढाच आहे.”

त्यांनी पेन्सिल उचलून बाजूला ठेवली.

टिपण मंजूर होऊन फायलीत लागलं. त्या पानाची एक प्रत, रीतसर परवानगी घेऊन, मी पिशोरला पाठवली. ते पान इंग्रजीत आहे, म्हणून शेवटच्या चार ओळी खाली माझ्या अक्षरात मराठीत लिहिल्या:

‘तुकड्यांवरच्या मूळ खुणा श्री. सुखदेव खरात यांनी केल्या होत्या व त्या अचूक होत्या. त्यांना कामावरून कमी करताना ते न सांगता गेले अशी नोंद झाली. ती खरी नाही. ते मला सांगून गेले होते.’